आमची वाटचाल : व्हॅक्यूम ओव्हन, मिस्त्री आणि ती अडकलेली ऑर्डर

साकीनाक्याला भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघांनी व्हॅक्यूम ओव्हन, म्हणजे आतली हवा पंपाने ओढून कमी तापमानात सॅम्पल सुकवायची भट्टी, बनवायला सुरुवात केली, मी आणि मिस्त्री. पार्टनर होते ते, पण सगळे मिस्त्रीच म्हणायचे. कंट्रोलर नि हीटर लोहार चाळीच्या बाजारातून, गास्केट (दाराचं हवाबंद रबर) नि व्हॉल्व्ह नागदेवीच्या बाजारातून, वेल्डिंग त्यांचं स्वतःचं. चेंबर एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचाच आणि वेल्ड झाला की रात्रभर व्हॅक्यूम धरून ठेवायचा, सकाळी गेजचा काटा सरकलेला दिसला तर माल बाहेर जाणार नाही, विषय संपला. २६ जुलै २००५ ला मशिनं पाण्यात गेली, पण ते अर्ध्या मुंबईचं झालं, उठलो त्यातून. खरा दणका दिला तो आमच्याच जुन्या डीलरने.

आमचा माल विकता विकता त्याने स्वतःचा ओव्हन काढला. पत्रा पातळ, दाराला साधी काच. अहो, ३० बाय ३० सेंटीमीटरच्या दारावर फुल व्हॅक्यूमला बाहेरची हवा ९०० किलोच्या वर जोर लावते, तिथे टफन्ड काच आणि पुढे पॉलिकार्बोनेटची शीट नको? भाव अर्थातच कमी. वर आमच्या एका फार्मा पार्टीला जाऊन सांगितलं की यांच्या डिस्प्लेला ६० डिग्री दिसतं पण सॅम्पल ओलंच राहतं. झालं, ऑर्डर कॅन्सल, आधीच्या मालाचं पेमेंट अडकलं, पंप उधारीवर आणलेले, बँकेचा हप्ता डोक्यावर, पोरांचे पगार थकलेले. मिस्त्रींनी घरातलं सोनं गहाण टाकलं म्हणून गाळा राहिला.

सोडवलं त्याच फार्मा कंपनीच्या क्यूसीतल्या, म्हणजे क्वालिटी तपासणाऱ्या विभागातल्या मॅडमनी. वाद नाही काही नाही, सरळ तापमान मोजायचा प्रोब ओव्हनच्या शेल्फवर टेकवला, आकडा बरोबर. मग बघितलं तर लॅबमधली मुलं शेल्फ खराब होऊ नये म्हणून पेट्री डिशखाली टिश्यू पेपरची घडी घालत होती! आत हवाच नाही तर उष्णता पोचणार कशी, भांडं शेल्फला नीट टेकलं पाहिजे ना. कागद काढला, सॅम्पल सुकलं, पेमेंट सुटलं. मॅडमनी पुढे नोकऱ्या बदलल्या पण ओव्हनसाठी फोन आम्हालाच.

विषय निघालाच आहे तर सांगतो. व्हॅक्यूम हळूहळू ओढा, घाई केली की ओलं सॅम्पल उसळून चेंबरभर उडतं. सॅम्पलमध्ये सॉल्व्हेंट (विरघळवणारा द्रव) असेल तर पंपाच्या आधी कोल्ड ट्रॅप, म्हणजे वाफ गार करून अडकवणारं भांडं, हवाच, पंपाचं तेल दुधासारखं दिसलं की समजा पाणी गेलंय, बदला. पेटणारं सॉल्व्हेंट साध्या ओव्हनमध्ये घालूच नका, त्याचं मॉडेल वेगळं येतं. बंद करताना आधी ओव्हनचा व्हॉल्व्ह, मग पंप, नाहीतर तेल उलटं पाईपात चढतं. आणि गार झाल्याशिवाय हवा सोडू नका, सोडाल तेव्हाही हळू, पावडर उडते.

त्या डीलरचे ओव्हन आजही आमच्याकडे रिपेअरला येतात. गास्केट बदलून देतो. त्या काचेला हात लावत नाही, दार पूर्ण नवीन घ्यायचं, पैसे अॅडव्हान्स.