मैदानावरचा आजचा दिवस
कर्करुग्णांच्या मदतनिधीसाठी आमच्या क्रीडा मंडळाने आज मैत्रीपूर्ण सामने भरवले होते, आणि एरवी धावसंख्येवरून हिरिरीने वाद घालणारी माणसे निधीच्या पेटीपाशी रांगेत उभी राहिलेली पाहून मन भरून आले. कर्करोगाने पाय गमावल्यावर १९८० मध्ये कृत्रिम पायाने धावत कॅनडा ओलांडायला निघालेल्या टेरी फॉक्स या तरुणाची गोष्ट मुलांना सांगितली गेली, हेही फार बरे झाले. केमोथेरपी कित्येकदा महिनोन्‌महिने चालते; त्या काळात औषधांखेरीज प्रवासाचा, मुक्कामाचा आणि बुडालेल्या रोजगाराचा भार कुटुंबावर पडतो, म्हणून जमलेली रक्कम याच खर्चासाठी राखून ठेवण्याचा मंडळाचा निर्णय मला विशेष योग्य वाटतो. मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे शिबिरही मंडळाने लवकरच घ्यावे, अशी विनंती मी कार्यकारिणीला केली आहे.