मॉरिस मायनरच्या वायरिंगमधील दोष शोधताना

आमच्या घरची मॉरिस मायनर १९५३ ची आहे. त्या काळात हिंदुस्थान मोटर्सने हेच मॉडेल भारतात ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकले होते, त्यामुळे जुन्या पिढीतील अनेकांना ही गाडी ओळखीची वाटते. पत्र्याचे काम आणि रंगकाम पूर्ण होऊन ती पुण्यात घरी परत आली, तेव्हा इंजिन उत्तम स्थितीत होते. परंतु पेट्रोल पंप चालत नव्हता, ब्रेक दाबला की पुढचे पार्किंगचे दिवे मंद पेटत होते आणि चार्जिंगचा लाल दिवा विझायचे नाव घेत नव्हता. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी निघाली.

या गाड्यांबाबत सर्वांत आधी लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे त्यांची अर्थ पॉझिटिव्ह असते, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते आणि निगेटिव्ह टोकापासून सर्व वायरिंग सुरू होते. आजच्या गाड्यांची सवय असलेल्या कारागिराच्या हे ध्यानात येत नाही. रंगकाम झालेल्या गॅरेजमध्ये बॅटरी उलटी जोडून गाडी सुरू करून पाहिली गेली होती, असे मला नंतर चौकशीत समजले. दिवे, हॉर्न, सेल्फ यांना दिशेचे सोयरसुतक नसते, म्हणून वरवर काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो आणि त्याला बॅटरीशी जोडणारे-तोडणारे कटआउट यांचे मात्र तसे नसते.

बॅटरी जोडण्यापूर्वी मी मूळ वायरिंगचा नकाशा मोठ्या आकारात छापून घेतला. गाडीची विद्युत सामग्री बनवणाऱ्या ल्यूकास कंपनीची रंगपद्धत अतिशय तर्कशुद्ध आहे: तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशन स्विचनंतरची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल पार्किंगच्या दिव्यांची आणि काळी अर्थची. सत्तर वर्षांत सुती वेष्टनावरचे रंग उडून सगळ्या वायरी मातकट झालेल्या असतात, परंतु रबरी ग्रोमेटखाली (पत्र्याच्या छिद्रात वायरीभोवती बसणाऱ्या कड्याखाली) किंवा क्लिपखाली झाकलेला थोडा भाग मूळ रंग राखून असतो. तेथून रंग वाचून मी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली. इंजिनाजवळच्या वायरींचे रबर हात लावताच भुकटी होऊन गळत होते, म्हणून पुढची संपूर्ण माळ (वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा) नवी करायची आणि बॉडीच्या पोकळीतून मागे जाणारी, सुस्थितीतील माळ तशीच ठेवायची, असे ठरवले. मूळ वायरींची जाडी तारांच्या संख्येने सांगितलेली असते. इंचाच्या बारा सहस्रांश जाडीच्या ४४ तारा म्हणजे सुमारे ३.२ चौरस मिलिमीटर, २८ तारा म्हणजे सुमारे २ आणि १४ तारा म्हणजे सुमारे १ चौरस मिलिमीटर. त्यानुसार नाना पेठेतून मुख्य वायरीसाठी ४, हेडलाइटसाठी २.५ आणि इतर कामांसाठी १ चौरस मिलिमीटरची वायर आणली.

पहिल्यांदा वीज देताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाच्या वायरीत मालिकेने २१ वॉटचा बल्ब जोडला. सर्व स्विच बंद असताना बल्ब पेटता कामा नये. तो पूर्ण तेजाने पेटला तर कोठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बच प्रवाह रोखून धरत असल्याने वायर जळत नाही. या गाडीत हेडलाइट आणि इग्निशन यांना फ्यूज नसतो, त्यामुळे ही खबरदारी मी अनिवार्य मानतो. बल्ब पेटलाच. एकेक टोक सोडवत गेल्यावर कटआउटपासून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या तपकिरी-निळ्या वायरीपाशी तो विझला. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातील छिद्राला ग्रोमेट बसवायचे राहून गेले होते आणि पत्र्याची धार नव्या वायरीच्या वेष्टनात शिरली होती.

पंपाच्या तक्रारीने सर्वाधिक वेळ घेतला, आणि शिकायलाही त्यातूनच सर्वाधिक मिळाले. एस. यू. कंपनीचा हा विद्युत पंप इग्निशन चालू करताच टकटक करतो आणि कार्ब्युरेटर भरला की थांबतो. पंपाच्या टोकावर मल्टिमीटर १२.४ व्होल्ट दाखवत होता, तरीही पंप निश्चल होता, त्यामुळे पंपच निकामी झाल्याचा निष्कर्ष कोणीही काढला असता. नाना पेठेतील एका ज्येष्ठ ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मीटर राहू द्या, आधी दिवा लावून बघा.” पंपाच्या जागी २१ वॉटचा बल्ब लावला, तर तो जेमतेम लाल झाला आणि त्याच वेळी मीटरवरचा आकडा ४ व्होल्टवर घसरला. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून गंजलेल्या जोडातूनही त्याच्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचते. भार पडला की तेच व्होल्टेज जोडातच खर्च होते. मीटरची दोन्ही टोके पांढऱ्या वायरीतील प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे ठेवत गेलो, तेव्हा सुमारे ८ व्होल्ट एकाच बुलेट कनेक्टरमध्ये, म्हणजे वायरींची टोके नळीत खुपसून जोडणाऱ्या जोडात, अडकलेले सापडले. बाहेरून तो निर्दोष दिसत होता. आतली पितळी नळी हिरवी पडली होती. तो बदलताच पंप टकटकू लागला. त्यानंतर भार न देता घेतलेल्या कोणत्याही मोजमापावर मी विश्वास ठेवला नाही.

ब्रेक आणि पार्किंगच्या दिव्यांचे कोडे नकाशा समोर ठेवल्यावर सुटले. मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक ब्रेकची आणि एक पार्किंगची, आणि दोन्हींची अर्थ बल्बच्या धातूच्या टोपीतून दिव्याच्या बैठकीमार्गे बॉडीत जाते. बैठकीखाली नव्या रंगाचा जाड थर बसल्याने हा मार्ग बंद झाला होता. मग ब्रेकचा प्रवाह पार्किंगच्या तारेतून उलटा लाल वायरीत शिरून पुढच्या दिव्यांमार्फत अर्थ शोधत होता. नव्या रंगाच्या प्रत्येक गाडीत असे होऊ शकते, म्हणून अर्थचा प्रत्येक बिंदू रंग खरवडून उघडा करावा, दातेरी वॉशर घालून आवळावा आणि नंतर वर व्हॅसलीन लावावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. सेल्फही जड फिरत होता, त्याचे कारणही हेच होते: सेल्फ मारताना बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यामध्ये एक व्होल्टहून अधिक घट दिसत होती, ती इंजिनाची अर्थपट्टी साफ केल्यावर ०.२ व्होल्टवर आली.

राहिला चार्जिंगचा दिवा. डायनॅमोच्या डी (वीज बाहेर देणाऱ्या) आणि एफ (चुंबकाच्या वेटोळ्याच्या) टोकांच्या वायरी काढून ती दोन्ही टोके एकमेकांना जोडली आणि इंजिन मिनिटाला साधारण १००० फेऱ्यांवर ठेवून बॉडीशी व्होल्टेज मोजले. ते भराभर चढले, म्हणजे डायनॅमो शाबूत होता, परंतु उलट्या बॅटरीनंतर त्याच्यातील उरलेल्या चुंबकत्वाची दिशाच बदलली होती. वायरी सुट्या असतानाच बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून घेतलेली वायर एफ टोकाला क्षणभर टेकवून ती दिशा पूर्ववत केली. कटआउटचे संपर्कबिंदू मात्र काळे पडून खडबडीत झाले होते. ते बारीक काचकागदाने, आणि डायनॅमोचे व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरचे संपर्कबिंदू कार्बोरंडमच्या बारीक दगडाने घासले. दोन्ही स्पिरिटने पुसले. त्यानंतर कटआउट सुमारे १३ व्होल्टला जुळू लागले आणि इंजिनाचा वेग थोडा वाढवताच लाल दिवा विझला.

मूळ रचनेत मी एकच बदल केला आहे. हेडलाइटच्या निळ्या वायरींत, डिपर स्विचनंतर, दोन स्वतंत्र फ्यूज बसवले आहेत, जेणेकरून एका बाजूला शॉर्ट झाल्यास रात्री रस्त्यावर संपूर्ण अंधार होणार नाही. ते डॅशबोर्डखाली दिसणार नाहीत असे लावले आहेत आणि छापील नकाशावर लाल शाईने नोंदवले आहेत.