न्यू जर्सीच्या अंगणात हडळ

हॅलोविनला घराभोवती भुताटकी उभारायची म्हणजे दुकानातून सांगाडे आणायचे आणि हिरवळीवर रोवायचे, अशी इथली सरसकट रीत झाली आहे. २०२० साली होम डेपो या घरसामानाच्या दुकानसाखळीने बारा फुटी सांगाडा विकायला काढला, आणि तेव्हापासून आमच्या भागात चार घरं ओलांडली की एक तरी उभा दिसतोच. मला त्याची भीती कधी वाटली नाही. भरदुपारी रस्त्याच्या टोकावरून जे अख्खं दिसतं ते रात्री काय घाबरवणार? मी कुडाळची. आमच्याकडची भुतं सहसा दिसत नाहीत, त्यांच्या खुणा तेवढ्या दिसतात. ओली पावलं, रहाटाची करकर, कुणीच नसताना वाजलेल्या बांगड्या. २०२४च्या ऑक्टोबरात मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या अंगणात हे करून बघायचं मी ठरवलं. सामानही होता होईतो घरीच बनवायचं.

पहिली अडचण पंचांगाने आणली. त्या वर्षी महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळाप्रमाणे अमावस्या ३१ तारखेच्या सकाळी लागून १ तारखेच्या सकाळीच संपत होती. म्हणजे प्रदोषकाळची अमावस्या ३१ ऑक्टोबरचीच, नेमकी हॅलोविनच्या दिवशी. पहाटे नरकचतुर्दशीचं अभ्यंग, संध्याकाळी लक्ष्मीपूजन आणि त्याच तासाला दारात चॉकलेटं मागायला येणारी पोरं. आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. तिने सरळ विचारलं, "अवसेच्या राती दारात भुतां उभी करतलंस? मगे लक्ष्मी खंयसून येतली गो?"

प्रश्न बिनतोड होता. शेवटी तह झाला. पुढचं दार, पायऱ्या आणि तिथवरची फरसबंद वाट लक्ष्मीची. तिथे रांगोळी, आकाशकंदील, तांदळाच्या पिठाची पावलं. गॅरेजच्या बाजूचा हिरवळीचा पट्टा भुतांचा. मध्ये मेंदीसारखं दाट कुंपण आहेच. दोन्हीकडची पावलं एकमेकांना कुठेही भेटता कामा नयेत, ही आईची अट.

भुतांची निवडही तिच्या संमतीनेच झाली. वेताळ मी हौसेने यादीत घातला होता, तो तिने पहिल्या झटक्यात काढला. आरवलीचा वेतोबा आमचा राखणदार, त्याला लोक केळी आणि चपला वाहतात, त्याला या पोरखेळात आणायचं नाही. खवीस कसा दिसतो यावर आमचं एकमत झालं नाही. राहिले मुंजा आणि हडळ. मुंज्याला पिंपळ लागतो. तो इथल्या थंडीत कुठून टिकणार, तेव्हा मेपलवर भागवलं.

मुंज्याचं डोकं कागदाच्या लगद्याचं केलं. फुगा फुगवायचा, त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या थरावर थर चिकटवायच्या, वाळला की फुगा फोडायचा. लहानपणी वाडीतली मुलं नरकासुराचे मुखवटे करायची तेव्हा खळ शिजवायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे हात बसलेला होता. अंगासाठी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवून तिच्यावर जुना पंचा गुंडाळला. तो फांदीला दोरीने लटकवायचा माझा विचार होता. समोरच्या घरात अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, वर्षानुवर्षं हॅलोविनची सजावट करणारे. ते म्हणाले, झाडाला टांगलेली माणसाची आकृती या देशात कुणी भूत म्हणून बघत नाही. कृष्णवर्णीयांना जमावाने झाडांना फाशी दिल्याचा इतिहास इथे फार जवळचा आहे. मुंजा मग फांदीवर पाय सोडून बसला. तसाही तो बसलेलाच असतो.

खरं काम विहिरीचं होतं. बांधकामात भिंतींना उष्णतारोधक म्हणून वापरतात तो गुलाबी किंवा निळा फोम दोन इंच जाड, चार बाय आठ फुटांच्या पाट्यांत मिळतो. इथली घरगुती स्मशानं याच फोमच्या थडग्यांवर उभी असतात. पाटीचे चिऱ्यांच्या मापाचे ठोकळे कापले आणि फोमला न खाणाऱ्या गोंदाने एकावर एक सांधे मोडत, अष्टकोनी रचले. फोमवर स्प्रेचा रंग मारू नये, त्यातलं द्रावण फोम खातं, हे या छंदातलं पहिलं बाळबोध ज्ञान. पण मला तर जांभा दगड हवा होता, आणि जांभ्याच्या अंगभर भोकंच असतात! मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून, लांबून अगदी हलका स्प्रे मारला की फोमला बारीक, वेडीवाकडी छिद्रं पडतात. ती कोरून कधीच इतकी खरी आली नसती. वरून भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, आधी गेरूसारखा तांबडा, मग खाचांत काळपट, शेवटी कोरड्या ब्रशने शेवाळी हिरवा. आईने बोटाने ठोकून बघितलं, कारण डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना.

असली विहीर वाऱ्याला टिकत नाही, वजन नसतं. आतल्या बाजूला प्लास्टिकचे पाइप उभे चिकटवायचे, जमिनीत लोखंडी सळ्या ठोकायच्या आणि पाइप त्यांच्यावर चढवायचे. सळ्या ठोकताना मात्र त्या वर्षीचं हवामान कळलं. न्यू जर्सीत १८९५पासूनच्या नोंदींत २०२४च्या ऑक्टोबरएवढा कोरडा महिना नव्हता. जमीन फरशीसारखी झाली होती. जंगलांना वणव्याचा धोका म्हणून उघड्यावरच्या आगीवर राज्यभर निर्बंध होते, अंगणभर मेपलची वाळकी पानं. त्यामुळे भोपळ्यांत मेणबत्त्या नाहीत आणि बाहेर पणत्याही नाहीत, दोन्हीकडे बॅटरीचे दिवे. तेलाच्या पणत्या घरात देवासमोर. हे ऐकून समोरचे काका (मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणते) पहिल्यांदा मनापासून खूश झाले.

धुराचं यंत्र विकतचं घेतलं, ते घरी बनवण्यात अर्थ नाही. त्यात ग्लायकोल आणि पाण्याचं मिश्रण तापलेल्या नळीतून ढकललं जातं आणि बाहेर येताच त्याचं धुकं होतं. पण हे धुकं गरम, त्यामुळे वर उठतं आणि शेकोटी पेटल्यासारखं वाटतं. जमिनीलगत सरपटायला हवं तर ते गार करावं लागतं. सहलीला नेतो त्या थंडपेटीला दोन बाजूंना भोकं पाडली, मधून जाळीचा बोगदा केला, भोवती बर्फ भरला आणि बाहेरच्या भोकाला कपडे वाळवायच्या यंत्राची लवचीक नळी लावून ती विहिरीच्या तळाशी सोडली. सुका बर्फ वापरणारेही आहेत, पण तो उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताला लागला तर जखम होते, आणि पोरं विहिरीत हात घालणारच. साधा बर्फ पुरतो. शिवाय विहिरीचा एक फायदा मला करून बघेपर्यंत सुचला नव्हता. उघड्या अंगणात धुकं वाऱ्याने क्षणात उडतं, पण विहिरीत ते काठोकाठ साठतं आणि मग काठावरून हळूहळू बाहेर ओघळतं. तळाशी एक मिणमिणता हिरवा दिवा ठेवला. बस्स.

उजेडावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलं, आणि तेही उजेड कमी करण्यात. दारावरचा दिवा चालू असला की या घरात चॉकलेटं मिळतात असा इथला संकेत. तो दिवा लक्ष्मीच्या बाजूला होताच. गॅरेजच्या बाजूचा बंद केला. रस्त्यावरच्या दिव्याला इलाज नाही, म्हणून विहीर गॅरेजच्या सावलीत सरकवली. लांबून, जमिनीलगत ठेवलेला एक निळा झोत, तो चांदण्याच्या जागी. अवसेला चांदणं कुठलं, असं आईने विचारलंच. तारा कुंपणाच्या कडेने, चालण्याच्या वाटेवर एकही नाही, आणि सगळी वीज गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या बाहेरच्या सॉकेटमधून. काकांनी ते बटण दाबून स्वतः तपासलं.

आता हडळ. हिरवं लुगडं, मोकळे केस, उलटे पाय. हे काम शेजारच्या अकरावीतल्या मुलीने अंगावर घेतलं. बुटांवर मागच्या बाजूला कागदाच्या लगद्याचे चवडे बसवले आणि पुढून लुगड्याचा घोळ सोडला. वाटेवर अंधारात चमकणाऱ्या रंगाची पावलं उमटवली, कुंपणापासून विहिरीकडे बोटं असलेली. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी विहिरीत उतरलंय. सगळे वाकून विहिरीत बघणार, रहाटाची करकर आतल्या स्पीकरमधून येणार. पण हडळीचे पाय उलटे. ती विहिरीत गेलेली नाही, विहिरीतून बाहेर आलेली आहे, आणि आता कुंपणापाशी तुमच्या पाठीमागे आहे. आईच्या हातातल्या खऱ्या काचेच्या बांगड्यांचा आवाज मी फोनवर ध्वनिमुद्रित केला होता, तो कुंपणात लपवला. आधी बांगड्या, मग ती.

काकांनी इथे एक दुरुस्ती सुचवली. घाबरलेला माणूस भीतीपासून लांब पळतो, तेव्हा त्याला कुठे पळवायचं ते आधी ठरवावं. मागून येणाऱ्या रांगेवर तो आदळला तर पोरं चिरडतात. म्हणून विहिरीपुढची वाट मोकळी ठेवून थेट चॉकलेटांच्या टेबलापर्यंत नेली. पळा, आणि खाऊ घ्या. टेबलावर दोन परातींची सोय. एक चॉकलेटांची, दुसरी नुसत्या वस्तूंची, खोडरबर, बिल्ले, छोट्या चेंडूंची, आणि तिच्याशेजारी निळसर हिरव्या रंगाचा भोपळा. अन्नाच्या अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या ‘फेअर’ या संस्थेने २०१४ साली ही खूण देशभर नेली. आईच्या चकल्या मात्र टेबलावर आल्या नाहीत. घरचा, बिनवेष्टनाचा खाऊ हॅलोविनला कुणी पोरांना घेऊ देत नाही. तिला हे अपमानास्पद वाटलं आणि तिने त्या काकांकडे पोचवल्या.

३० तारखेची रात्र न्यू जर्सीत खोड्यांची. टवाळ पोरं अंडी फेकतात, झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या सोडतात. आमच्या मेपलवरही पांढऱ्या पट्ट्या झुलत होत्या. मुंज्याला शोभून दिसल्या, ठेवल्या.

३१ तारीख ऑक्टोबरअखेरीला न शोभणारी गरम निघाली, पारा ८० फॅरनहाइटच्या आसपास. आधी कोरलेले भोपळे आतून मऊ पडून तोंडं वाकडी करू लागले, चॉकलेटं ऐनवेळेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावी लागली, आणि बर्फ अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लागला. नवरा ऑफिसातून येताना पिशव्याच्या पिशव्या घेऊन आला. लहान मुलं उजेडातच येऊन गेली. त्यांच्यासाठी हडळ बिनकेसांची, स्वेटशर्ट घातलेली, नुसतीच खाऊ वाटणारी मुलगी होती. इथे घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे हॅलोविनला सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो आणि काळोख पडायला साडेसहा होतात. त्या मधल्या वेळात आम्ही लक्ष्मीपूजन उरकलं. उरकलं म्हटलेलं आईला चालत नाही, पण आरती जरा जलदच झाली.

अंधार पडल्यावर पहिली टोळी आली ती मोठ्या मुलांची, फोन उगारून, आम्हाला कसली भीती अशा थाटात. पावलं बघितली, विहिरीत वाकली, एकाने धुक्यात हात घातला. बांगड्या वाजल्या तेव्हा एकच जण वळला. बाकीचे त्याच्या किंकाळीने वळले. टेबलापर्यंतची वाट मोकळी ठेवल्याचं सार्थक झालं. नंतर बातमी पसरली, आणि जी मुलं एकदा घाबरून गेली ती दुसऱ्यांना घाबरताना बघायला परत येऊन रांगेत उभी राहिली. उत्तर भारतीय घरांतली पोरं पाय बघताच चुडैल म्हणाली, त्यांना काही समजवावं लागलं नाही. मला नवल वाटलं ते डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातल्या एका बाईचं. मुलाचा हात धरून ती पावलांपाशीच थांबली, विहिरीकडे बघितलंच नाही, सरळ कुंपणाकडे वळली आणि म्हणाली, "सिग्वापा." तिच्या आजीच्या डोंगरात लांब केसांची, उलट्या पायांची बाई राहते, तिचा माग काढणारा नेहमी चुकीच्या दिशेला जातो. त्या रात्री हडळीला न फसलेली तीच एक. आम्ही दोघी बराच वेळ तिथे बोलत उभ्या होतो आणि मागे रांग खोळंबली होती.

आठ वाजता यंत्र बंद केलं. भोपळे खतात गेले, मुंजा माळ्यावर. विहीर माळ्याच्या दारातून जाईना, म्हणून ती गॅरेजमध्ये आणि गाडी बाहेर, अशी व्यवस्था दोन आठवडे चालली. मग तुळशीचं लग्न आलं. एवढ्या थंडीत तुळस घरातच, प्लास्टिकच्या कुंडीत, आणि त्या कुंडीची आईला दर वर्षी लाज वाटते. उरलेल्या फोमचे ठोकळे तिने गॅरेजमधून स्वतः उचलून आणले आणि मला वृंदावन रचायला सांगितलं. भुतांच्या विहिरीचे चिरे चालतील का, असं मी विचारलं. "रंग तर गेरूचोच आसा," ती म्हणाली, आणि गोंद कुठे ठेवलाय ते विचारू लागली.