कोणती किंमत मोजायची?

“गर्भाला जीव आहे असं तुम्ही मानता, मग गर्भपातावर बंदी का नको म्हणता? परिणामांचा हिशेब मांडून तत्त्वाला बगलच देता ना?” मी नीतिशास्त्र शिकवते असं कळलं, की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मानते, आणि उघडपणे मानते. गर्भ म्हणजे नुसता पेशींचा गोळा, हे मला पटत नाही. पहिल्या दिवसापासून तो पुरता माणूस, हेही पटत नाही. पण त्यातून फार तर गर्भपात ही सहज उरकण्याची गोष्ट नाही एवढंच निघतं. कायदा करणं ही वेगळी कृती आहे. त्या कायद्यानं जे घडेल त्याचा जाब कायदा करणाऱ्यांना आणि त्यांना मत देणाऱ्या आपल्यालाच द्यावा लागतो.

रुमानियाचं उदाहरण बघा. 1957पासून तिथे मागणी केली की गर्भपात करून मिळत असे. 1966मध्ये तिथला सत्ताधीश चाउशेस्कू याला लोकसंख्या वाढवायची हुक्की आली आणि हुकूम क्रमांक 770 निघाला. वय 45च्या पुढे असेल किंवा चार मुलं असतील तर सूट, बाकी मोजके अपवाद सोडून बंदी. पुढच्याच वर्षी जन्मदर जवळजवळ दुप्पट झाला आणि नंतर घसरत गेला, कारण बायकांनी चोरवाटा शोधल्या. पुढे कामाच्या ठिकाणी त्यांची तपासणी होऊ लागली, कोण गरोदर आहे ते नोंदवायला. राजवट कोसळली तेव्हा, 1989मध्ये, लाख जन्मांमागे दीडशेहून जास्त आया मरत होत्या. बंदी उठली आणि वर्षभरात तो आकडा निम्म्यावर आला. या बायका जिवंत होत्या, त्यांच्या जिवाबद्दल कुणाचाच वाद नव्हता. त्यांची मोजदाद करणं म्हणजे तत्त्वाला बगल देणं कसं?

“तो हुकूमशहा होता हो!” बरोबर आहे. म्हणून आयर्लंड घेऊ. तिथे 1983मध्ये लोकांनी श्रद्धेनं मतदान करून गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क घटनेत सारखा ठरवला. नऊ वर्षांनी त्याच लोकांनी आणखी एक दुरुस्ती मंजूर केली: गर्भपातासाठी परदेशी जाणाऱ्या बाईला अडवायचं नाही. खुनासाठी परदेशी जायची मुभा कुठलाही देश देत नाही. काहीजण याला ढोंग म्हणतात, मी म्हणत नाही. आपल्या तत्त्वाची पुरती किंमत वसूल करायला लोक स्वतःच धजावले नाहीत. पण ज्यांना जाता आलं नाही त्यांचं काय? 2012मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार सतरा आठवड्यांची गरोदर होती. गर्भ वाचणार नाही हे कळलेलं होतं, तिनं गर्भपाताची विनंती केली, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून डॉक्टर थांबले. जंतुसंसर्गानं ती गेली. 1983ची ती दुरुस्ती 2018मध्ये मतदानानंच रद्द झाली.

मग कुठलाही हिशेब चालतो का? अजिबात नाही. “गरिबाघरची मुलं जन्मली नाहीत तर सरकारी खर्च वाचतो” असं बंदीच्या विरोधकांपैकी कुणी बोललं, की मी तिथेच तोडते. माणसं तिजोरीच्या तराजूत घालायची नाहीत. चाउशेस्कूनं वेगळं काय केलं होतं? आणि मुलगी आहे म्हणून होणाऱ्या गर्भपातावर मी “तिचा निर्णय” म्हणून गप्प बसत नाही. लिंगनिदान करणाऱ्यावर कायद्याचा बडगा हवाच. त्या बाईवर मात्र नको. तिच्यावर घरून किती दबाव होता हे पोलीस कसं ठरवणार?

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मर्यादा किती आठवड्यांची? मर्यादा असावी, पण गर्भातले बरेच गंभीर दोष अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच दिसतात. त्याआधीच दार बंद करणारा कायदा बाईला रिपोर्ट हातात यायच्या आत निर्णय घे म्हणतो. आणि दोष जिवावर बेतणारा असेल, तर आठवडे मोजत बसण्यापेक्षा तो निर्णय ती आणि तिचे डॉक्टर यांच्यावर सोडावा.