पट्ट्याचे तास

१४ जून २०२५, शनिवार, सोलापूर

सोमवारपासून शाळा. माझी मुलगी मनू नववीत जाणार, आणि पाठीचा बाक वाढू नये म्हणून दिलेला पट्टा (ब्रेस) घालून वर्गात बसायची ही पहिलीच वेळ. मे महिना कसा गेला ते आमचं आम्हाला माहीत. बाहेर पारा चाळिशीच्या वर आणि अंगावर काखेपासून कमरेच्या हाडापर्यंत कडक प्लॅस्टिक. मोठ्या माणसालाही हे झेपलं नसतं. पोरीनं ते निभावलं, म्हणून आज बसून नीट लिहून ठेवते आहे.

मार्चमध्ये डॉक्टरांनी तिला पाय जुळवून पुढे वाकायला सांगितलं, तेव्हा उजवीकडच्या बरगड्या डावीकडच्यांपेक्षा उंच दिसल्या. उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत कण्याचा बाजूला गेलेला बाक निघाला ३२ अंशांचा. १० अंशांपासून पुढे त्याला स्कोलिओसिस म्हणतात. साधारण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल आणि मूल अजून वाढत असेल तर पट्टा देतात. ४५-५० च्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचं बोलणं निघतं. मनूची पाळी सुरू होऊन थोडेच महिने झालेत, आणि कमरेच्या हाडावरून वाढ मोजतात त्या मापात ती ‘रिसर १’ आहे. म्हणजे वाढ अजून बरीच शिल्लक, आणि उंची झपाट्यानं वाढते तेव्हाच बाकही वाढायची भीती जास्त.

बातमी नातेवाइकांत पसरली आणि फोन सुरू झाले. दप्तराच्या ओझ्यानं झालं असेल. वाकून मोबाइल बघते ना, त्यानं. अमुक गावच्या हाडवैद्याकडे न्या, तेल लावून मालीश करा, रोज दांड्याला लटकवा. या वयातल्या मुलांमध्ये आढळणाऱ्या बहुतेक स्कोलिओसिसचं नेमकं कारण सापडत नाही. दप्तरानं तो होत नाही आणि मालीशनं तो जात नाही. पण मला राग आला तो एकाच वाक्याचा. ‘पुढं लग्नाचं कसं करणार?’ तेरा वर्षांची मुलगी शेजारी बसलेली असताना हे विचारलं गेलं. त्या दिवसापासून मी घरात सांगून टाकलंय, तिच्या पाठीबद्दल तिच्या देखत परस्पर कोणी बोलायचं नाही. बोलायचं असेल तर तिच्याशी बोला.

मी स्वतः जमेल तेवढं वाचलं. २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला. स्टुअर्ट वाइनस्टाइन, लोरी डोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. २४२ मुलं होती. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला तर यश धरायचं, असं ठरलं होतं. पट्टा घातलेल्यांत ७२ टक्के मुलांना ते मिळालं, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. हा ४८ चा आकडा माझ्या डोक्यातून बरेच दिवस जाईना. म्हणजे जवळजवळ निम्म्यांचं पट्ट्याशिवायही निभावलं. मनू त्या निम्म्यांतली असली तर? हा सगळा त्रास फुकटच की. पण ती कुठल्या निम्म्यात आहे हे आज कोणालाच सांगता येत नाही, आणि कळेल तेव्हा वाढ संपलेली असेल. म्हणून पट्टा.

त्याच अभ्यासात पट्ट्यांमध्ये तापमान टिपणारं छोटं यंत्र बसवलं होतं. अंगावर किती तास होता ते त्यातून कळायचं. सांगितले होते किमान १८ तास. रोज सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या पुढे गेलं. मला यातून एकच गोष्ट कळली. इथं औषध म्हणजे तास, आणि ते तास डॉक्टरांच्या हातात नाहीत, माझ्याही नाहीत. ते तिचे आहेत. झोपेचे, अभ्यासाचे, मैत्रिणींबरोबरचे. मी रागावून एखादा तास वाढवीन, पण दोन वर्षं रागावून निघत नाहीत. तासांचा कागद फ्रिजवर लावलाय, तो फक्त तीच भरते. रिकामा दिसला तरी मी विचारत नाही.

पट्टा पुण्यात करून घेतला, पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेसनं. छातीपासून खाली प्लास्टरचा साचा घेतला, त्यावरून प्लॅस्टिक ओतून... नाही, तापवून मऊ केलेला पत्रा साच्यावर बसवतात. आतून बाकाच्या फुगीर बाजूला दाब देणारी गादी, त्याच्या विरुद्ध बाजूला मोकळी जागा, म्हणजे शरीराला सरकायला वाट राहते. पट्टा घालून एक्स-रे काढला तर कोन १७ वर आला होता. काढल्यावर तो तेवढाच राहत नाही, हे ब्रेसवाल्या दादांनी तिला स्वतः समजावलं. वाढ संपेपर्यंत बाक पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढंच मागणं आहे. सरळसोट पाठीचं वचन कोणी दिलं नाही, ते मला फार बरं वाटलं.

आत सुती बनियन, उलटा घातलेला, म्हणजे शिवण टोचत नाही. चुणी पडली की तिथं लाल होतं. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक, नाही गेली तर दाखवायचं.

संध्याकाळी श्रोथचे व्यायाम. कॅथरिना श्रोथ या जर्मन बाईंना स्वतःला हा बाक होता. १९२१ च्या सुमाराला माइसेनमध्ये त्यांनी उपचार सुरू केले. व्यायामाचा पुरावा पट्ट्याइतका भक्कम नाही, तरी पट्ट्यासोबत ते करायला आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई सांगतात, आणि मला ते पटतं. जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून त्यात तांदूळ भरलेत. मनू कुशीवर झोपते, बरगड्यांखाली एक पिशवी, आणि मी पाठीच्या खोलगट बाजूवर तळहात ठेवते. ती श्वास तिथं पाठवते. सुरुवातीला हाताला काहीच लागायचं नाही. आता बरगड्या हलकेच वर येऊन हाताला लागतात. त्या वेळी आम्ही दोघी काही बोलत नाही, तिला मोजावं लागतं.

१८ जून, बुधवार

शाळेचे तीन दिवस झाले. वर्गशिक्षिकांना आधीच भेटले होते. खेळाच्या तासाला पट्टा काढायचा, खो-खो सोडायचा नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. अडचण वेगळीच निघाली. पट्टा आवळायच्या पट्ट्या पाठीमागे आहेत, त्या एकटीला ओढून घट्ट करता येत नाहीत. वेल्क्रोवर निळ्या बॉलपेननं रेघ आहे, तिथवर ओढावं लागतं. मनूनं तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला घरी बोलावून शिकवलं. ती पोरगी सांगते, ‘काकू, श्वास सोडल्यावर ओढायचं, मग बरोबर रेघेपर्यंत येतं.’ मला हे कळायला आठवडा लागला होता.

बसल्यावर पुढची कड मांडीला लागते. ती घासून घ्यायला पुण्याला जावं लागेल, रविवारी चालणार नाही, म्हणजे एक सुट्टी. तेव्हाच आणखी बनियन घ्यायचे, पावसात वाळत नाहीत. पुढचा एक्स-रे दिवाळीच्या आधी. पाठीकडून काढा म्हणून सांगायचं, छातीवर किरणं कमी पडतात.