काचेला आरओचं पाणी

आमच्या खिडक्या धुणारा दर सहा आठवड्यांनी येतो. एरवी मी ऑफिसात असतो. जूनमधल्या एका शनिवारी पहिल्यांदाच त्याचं काम उभं राहून बघितलं. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, तिला जोडलेली बारीक नळी आणि एकात एक सरकणारा कार्बन फायबरचा लांब दांडा. दांड्याच्या टोकाला ब्रश, ब्रशमधूनच पाणी. खाली अंगणात उभं राहून त्याने वरच्या मजल्याच्या काचा घासल्या, वरून पाणी सोडलं आणि न पुसता पुढच्या खिडकीकडे वळला. काचेवरून थेंब ओघळत होते. मला राहवलं नाही. "पुसायचं राहिलं का?" म्हणून विचारलं. त्याने खिशातून पेनाएवढं मशीन काढलं, टाकीतल्या पाण्यात बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं. ०००.

ते मशीन मी लगेच ओळखलं. सोलापूरला आरओच्या सर्व्हिसिंगला येणारा पोरगा तेच तर ग्लासात बुडवून दाखवतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती आहे ते सांगतो आणि फिल्टर बदलायला लावतो. इथे इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये माझ्या बाथरूमच्या काचा आरओ करून, वर आणखी एका फिल्टरमधून काढून शून्यावर आणलेल्या पाण्याने धुतल्या जात होत्या.

त्यामागचं शास्त्र सरळ आहे. काचेवर डाग पाण्याचा पडत नाही, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा पडतो. थेंब वाळला की कॅल्शियम मागे राहतं. पाण्यात काहीच नसेल तर मागे काहीच राहत नाही, म्हणून पुसायची गरज नाही. दक्षिण इंग्लंडमध्ये बऱ्याच भागात जमिनीखाली चुनखडीचा खडक आहे, त्यामुळे नळाचं पाणी जड. किटलीत तळाशी पांढरा थर बसतो, अगदी आपल्या बोअरच्या पाण्यासारखा. शिवाय इथल्या बऱ्याच खिडक्या बाहेर उघडतात, वरच्या मजल्याची काच आतून पुसता येत नाही. पूर्वी शिडी लावायचे. उंचीवर काम करण्याबाबतचे नियम २००५ साली आले, तेव्हापासून शिडीपेक्षा दांडा बरा असं झालं. हे सगळं पटतं. मी त्याला बारा पौंड देतो आणि काम चोख असतं.

तरी त्या शून्याने माझा दिवस खाल्ला.

आई जुळे सोलापूरला असते. बोअरचं पाणी वापरायला, नळाचं आलं तर पिंपात आणि प्यायला आरओचं. उजनी धरण भरल्याची बातमी आली तरी आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि तेही कधी येईल ते चावीवाल्यालाच ठाऊक. एकशे दहा किलोमीटरवरून पाइपलाइनने येणारं ते पाणी. संध्याकाळी फोनवर तिला हे काचांचं सांगितलं. ती जरा वेळ गप्पच बसली.

"प्यायचं पाणी काचंला मारायलेत?"

मी एकदम त्या माणसाची बाजू घ्यायला लागलो. अगं, शून्य टीडीएसचं पाणी पिण्यासाठी नसतंच, त्याला शिडीवरून पडायचा धोका नाही, साबण लागत नाही, गटारात केमिकल जात नाही. सगळं खरं होतं. पण मी कोणाची वकिली करतोय आणि कोणापुढे, हे बोलता बोलताच मला खटकायला लागलं. आरओमधून जितकं शुद्ध पाणी निघतं, साधारण तितकंच किंवा त्याहून जास्त वाया जातं. सोलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात त्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडलेली आहे आणि त्याच पाण्याने फरशी पुसली जाते. इथे ते कुठे जातं हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मी स्वतःही धुतल्या तांदळासारखा नाही. दोन वर्षांपूर्वी मी प्रेशर वॉशर घेतला. मागच्या अंगणात फरशी आहे, आपल्या शहाबादीसारखीच करडी. उत्तरेकडे तोंड, ऊन लागत नाही, हिवाळ्यात शेवाळं धरतं आणि पाय घसरतो. मुलगी एकदा पडली, तेव्हा मी मशीन आणलं. त्यावर १३० बार लिहिलंय. नळाचा दाब दोन-तीन बार असतो, म्हणजे विचार करा. पाण्याची धार फरशीवरून फिरते तिथे काळ्या पाटीवर खडूने ओढावी तशी स्वच्छ रेघ उमटते. मला ते काम मनापासून आवडतं. दोन-तीन तास त्यात कसे जातात कळत नाही. पहिल्या वर्षी मी धार सांध्यात जवळून मारली आणि फटींतली सगळी वाळू उपसून काढली. दोन फरश्या हलायला लागल्या. मग भट्टीत वाळवलेली बारीक वाळू आणून झाडूने सांध्यात भरली. तेव्हा कळलं, नोझल फूटभर लांब धरायचं, चपटी धार ठेवायची, आणि खिडकीवर तर कधीच मारायचं नाही, काचेभोवतीचं रबर फाटतं.

आणि मग २२ जुलै २०२५ पासून आमच्याकडे पाइपबंदी लागली. नळाला पाइप जोडून बाग, गाडी, अंगण, खिडक्या काहीही धुवायचं नाही. हजार पौंडांपर्यंत दंड. प्रेशर वॉशर पाइपवर चालतो, म्हणून तोही बंद. माझं मशीन मिनिटाला सात लिटर घेतं, साधा पाइप त्याच्या दुपटीहून जास्त ओततो, तरी दोघांना एकच न्याय. याचा मला राग आला हे कबूल करतो. खिडक्या धुणाऱ्याला मात्र मुभा, कारण तो त्याचा धंदा आहे.

पण खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आला. गल्लीतली माणसं भेटली की "भयंकर टंचाई" म्हणायची. टंचाई? चोवीस तास नळाला पाणी होतं. पहिल्या मजल्यावर शॉवर चालू होता. कपडे, भांडी, संडास, कशालाच हात लागला नव्हता. बादलीने अंगण धुवायलाही परवानगी होती. फक्त पाइप जोडायचा नाही, एवढंच. ज्या माणसाने लहानपणी रात्री दोन वाजता उठून घागरी लावल्या आहेत, आज पाणी येणार का उद्या यावर पाहुण्यांना बोलवायचं ठरवलं आहे, त्याच्यापुढे या शब्दाचा असा वापर करू नये. मी हे त्यांना बोललो नाही. म्हणून इथे लिहितोय.

आणि तरीही त्यांच्या एका गोष्टीला मी मनोमन हात जोडले. नियम सगळ्यांनी पाळला. कोणी बघायला नव्हतं. आमच्या गल्लीतली हिरवळ ऑगस्टमध्ये कुसळासारखी पिवळी पडली, पण रात्री गुपचूप पाइप लावलेला मी एकही पाहिला नाही. तिकडे सोलापुरात नळाला मोटर लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं जातं आणि पाणी आल्यावर गल्लीत किती मोटरींचा आवाज येतो, हे सोलापूरकरांना मी काय सांगायचं? अर्थात पाच दिवसांनी तासभर पाणी येत असेल तर माणूस मोटर लावतोच. आमच्या घरीही लावलेली आहे. आईला मी त्याबद्दल कधी बोललो नाही आणि बोलणारही नाही.

शेजारच्या आजोबांकडे पन्हाळीचं पाणी साठवायचं मोठं हिरवं पिंप आहे. बंदीच्या दुसऱ्या आठवड्यात ते फाटकाशी आले आणि म्हणाले, पावसाचं पाणी नियमात बसतं, तुला हवं तेवढं घे. त्यांची स्वतःची टोमॅटोची झाडं त्याच पाण्यावर होती. मी दोन बादल्या घेतल्या आणि खालच्या सगळ्या काचा आईच्या पद्धतीने धुतल्या. ऊन चढायच्या आत, कारण तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आधीच वाळतं. आधी कोरड्या फडक्याने धूळ, मग पिळलेलं ओलं फडकं, मग लगेच आपला सोलापुरी टॉवेल. नवा नाही, नव्याचे धागे सुटतात. दहा वर्षं धुऊन विरलेला, गुळगुळीत झालेला. शेवटी वर्तमानपत्राचा बोळा गोल फिरवायचा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे काच अशी निघाली की आजोबा आत जाऊन बायकोला बोलावून घेऊन आले. त्यांनी तो टॉवेल हातात घेऊन बघितला. पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी दोन आणायचे कबूल केलेत.

दिवाळीच्या आधी आईचा फोन आला. सगळ्या खिडक्या झाल्या म्हणाली, जाळ्या आणि ग्रीलसकट. आठ खिडक्या.

"पाणी किती लागलं?"

"दीड बादली. उरलेलं तुळशीला घातलं."

मला पाच खिडक्यांना दोन लागल्या होत्या.