डाउटमधला बी

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. स्पेलिंग पाठ करताना एखाद्या अक्षराचा उच्चारच होत नाही असं दिसलं, की ‘सायलेंट आहे’ एवढंच उत्तर मिळायचं. आठवीत ‘डाउट’ हा शब्द आला आणि वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “सर, म्हणायचा नाही तर बी लिहायचा कशाला?”

सरांनी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर लिहिलं : दुबितारे. लॅटिनमध्ये याचा अर्थ घुटमळणं, निर्णय न होणं. त्याच्या मुळाशी ‘दुओ’, म्हणजे दोन. शेजारीच त्यांनी आपला ‘द्वि’ लिहिला, त्याखाली ‘द्विधा’. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं होतं, हेही मी त्याच तासाला पहिल्यांदा ऐकलं. कुठलं लॅटिन आणि कुठली आमची तालुक्याची शाळा! पण फळ्यावर ते दोन शब्द सख्खे शेजारी दिसत होते.

मग बीची हकिगत. लॅटिनमधला शब्द फ्रेंचमध्ये येईपर्यंत त्यातला ब झिजून गेला. इंग्रजीने तेराव्या शतकात तो फ्रेंचकडून घेतला, तेव्हा स्पेलिंगमध्येही बी नव्हता. भीती हाही त्याचा एक अर्थ होता. पुढे लॅटिनचा मान वाढला आणि शब्दाचं कूळ दिसावं म्हणून विद्वानांनी बी परत लिहायला घेतला. लोकांनी तो लिहिला, पण उच्चारला कधीच नाही. कर्जासाठीच्या ‘डेट’चंही हेच झालं. शेक्सपिअरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’मध्ये एक पंडित लोक हे बी गिळतात म्हणून चिडतो, ते नाटक १५९८ मध्ये छापलं गेलं. ‘ड्युबिअस’ (शंकास्पद) हा शब्द मात्र थेट लॅटिनमधून आला, म्हणून त्यातला बी आजही ऐकू येतो. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गैरसमजाने घुसला, त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नाही.

पुढे मी फौजदारी वकिलीत आलो. ‘रीझनेबल डाउट’, म्हणजे वाजवी शंका, हे शब्द उच्चारल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. पुराव्यातून दोन निष्कर्ष निघत असतील, एक दोषी ठरवणारा आणि एक निर्दोष, तर आरोपीच्या बाजूचा स्वीकारावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या काली राम खटल्यात म्हटलं आहे. कोर्टात यालाच आम्ही संशयाचा फायदा म्हणतो. तो निकाल वाचताना मला फळ्यावरचा ‘दुओ’ दिसला. माणसाचं आयुष्य ज्यावर ठरतं तो नियम मला आठवीतल्या त्या तासामुळे आतून कळला, याबद्दल मी सरांचा कायमचा ऋणी आहे.

शाळेच्या महोत्सवानिमित्त तिच्या ग्रंथालयाला शब्दांच्या व्युत्पत्ती देणारा एक मोठा इंग्रजी कोश देत आहे. तो कुलूपबंद कपाटात न ठेवता पाचवीच्या मुलांनाही हाताळू द्यावा, एवढी विनंती.